हात, बाण आणि उघडझाप करणारा दिवा

सोलापूरच्या अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीतून चादरी-टॉवेलांचे गठ्ठे घेऊन निघणाऱ्या गाड्यांत बरीच वर्षे वापरलेल्या पिकअप आजही दिसतात. अशा गाडीचे इंजिन ठणठणीत असते, ब्रेक लागतात, आणि नेमका वळण दाखवणारा दिवा रुसलेला असतो. तक्रारी ठरलेल्या असतात. डावीकडचा लागतो, उजवीकडचा लागत नाही. लागतो, पण उघडझाप करत नाही. उघडझाप करतो, पण भलत्याच घाईने. एका बाजूचा इंडिकेटर दिला की मागचे लाल दिवेच मिणमिणतात. बिघाड बहुधा किरकोळ असतो, पण तो शोधायला अर्धा दिवस जातो. याचे कारण असे की गाडी जुनी होत जाते तसे तिच्यात निरनिराळ्या काळातले भाग येऊन बसतात. वायरिंग एका पिढीचे, फ्लॅशर दुसऱ्या पिढीचा, बल्ब तिसऱ्या पिढीचे. म्हणून या दिव्याचा इतिहास थोडा माहीत असला तर बिघाडही लवकर सापडतो.

सुरुवात अर्थातच हाताने झाली. १९८९ च्या रस्त्याच्या नियमावलीत (तिच्या जागी २०१७ मध्ये नवी नियमावली आली) चालकाने हाताने करायचे पाच इशारे सांगितले होते. उजवा हात बाहेर आडवा धरून तळवा पुढे केला की उजवीकडे वळायचे आहे. आडवा हात घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवला की डावीकडे. तळवा खाली करून हात वरखाली हलवला की वेग कमी होतो आहे. हात कोपरातून उभा केला की गाडी थांबते आहे. आणि आडवा हात मागेपुढे अर्धवर्तुळात झुलवला की मागच्याला सांगणे, ‘तू माझ्या पुढे जा.’ यातला पाचवा इशारा वाचकांनी लक्षात ठेवावा, त्याचे पुढे काम आहे.

हाताची भाषा चालायला चालक रस्त्याच्या मध्याकडच्या बाजूला बसलेला असावा लागतो. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी लष्कराच्या शिल्लक जीप आणि ट्रक आपल्याकडे विक्रीला आले, त्यांचे चाक डाव्या बाजूला होते. अशा गाडीच्या चालकाने हात बाहेर काढला तर तो फुटपाथवरच्या माणसाला दिसणार! १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे १२० वे कलम याच अडचणीपोटी आहे. डाव्या चाकाची गाडी चालवायची असेल तर तिच्यावर यांत्रिक किंवा विजेवर चालणारे, चालू स्थितीतले इशारा-साधन असलेच पाहिजे, असे ते म्हणते.

हाताची जागा घेणारी पहिली साधने हाताचीच नक्कल होती. अमेरिकेतील मूकपटांची नटी फ्लॉरेन्स लॉरेन्स हिने १९१४ च्या सुमारास बटण दाबताच गाडीच्या मागे उठणारा दांडा तयार केला. त्याचे पेटंट मात्र तिने घेतले नाही. पुढे युरोपात ‘ट्रॅफिकेटर’ आला. दोन दरवाजांमधल्या खांबात लपलेला, आत दिवा असलेला छोटा बाण विद्युत्‌चुंबकाने बाहेर उचलला जाई. प्रवाह बंद केला की तो स्वतःच्या वजनाने खाली पडे. पडायला हवा, असे म्हणणे जास्त बरोबर. धुळीने तो अडकून बसे आणि प्रवाशाला आतून खांबावर बुक्की मारावी लागे. मॉरिस मायनर या ब्रिटिश मोटारीवर हे बाण १९६१ पर्यंत होते. हीच मोटार आपल्याकडे ‘बेबी हिंदुस्थान’ या नावाने बनत असे.

भारतात मोटार वाहन कायदा झाला त्याच १९३९ साली अमेरिकेत ब्यूक कंपनीने उघडझाप करणारे दिवे गाडीबरोबरच द्यायला सुरुवात केली. आधी ते फक्त मागे होते. पुढच्या वर्षी समोरही आले, आणि वळण संपल्यावर खटका आपोआप परत येण्याची सोयही झाली. स्थिर दिव्यापेक्षा उघडझाप करणारा दिवा डोळ्याच्या कडेनेही चटकन टिपला जातो, हे त्यातले खरे मर्म.

या अमेरिकी मोटार उद्योगाशी सोलापूरचा एक धागा जुळतो. १८८२ मध्ये सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यात क्रायस्लरच्या सहकार्याने डॉज, प्लिमथ, डीसोटो मोटारी आणि फार्गो ट्रक जोडले जाऊ लागले. त्या काळच्या क्रायस्लर मोटारी ६ व्होल्टवर चालत; १२ व्होल्टची बॅटरी १९५० च्या दशकाच्या मध्यास आली. हा फरक इंडिकेटरच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. तो का, ते थोड्या वेळाने पाहू.

आता दिव्याची उघडझाप होते कशी? जुन्या फ्लॅशरच्या डबीत मोटर नाही की घड्याळ नाही, आहे ती फक्त उष्णता. अमेरिकी पद्धतीत बल्बांकडे जाणारा प्रवाहच एका पट्टीला तापवतो. पट्टी वाकते, संपर्क तुटतो, दिवे विझतात. पट्टी निवते, संपर्क जुळतो. दोन धातूंच्या पट्टीचा हा गुण जॉन हॅरिसनने अठराव्या शतकात आपल्या तिसऱ्या सागरी घड्याळात वापरला होता, तो असा टेम्पोच्या डॅशबोर्डाखाली येऊन पोहोचला. ब्रिटिश पद्धत थोडी वेगळी. तिथे आधी ताणलेल्या बारीक तारेतून थोडा प्रवाह जातो. त्या वेळी बल्ब पेटत नाहीत. तार तापून लांब झाली की संपर्क जुळतो, बल्बांना पूर्ण प्रवाह मिळतो आणि तारेला मिळेनासा होतो. तार निवून आखडली की पुन्हा पहिला पाढा. यातला मुख्य प्रवाह एका वेटोळ्यातून जातो. त्याच्या चुंबकत्वाने छोटी पट्टी ओढली जाऊन चालकासमोरचा बारीक दिवा लागतो. दोन्ही प्रकारांत वेग तापमानावर आणि बॅटरीवर अवलंबून असतो. सोलापूरच्या मे महिन्यात तार सावकाश निवणार हे ओघाने आलेच.

या दोन रचनांमुळे एकाच बिघाडाची लक्षणे दोन दिसतात. समजा, पुढचा बल्ब उडाला. अमेरिकी पद्धतीत प्रवाह निम्मा झाला, पट्टी पुरेशी तापत नाही, आणि उरलेला दिवा नुसताच लागून राहतो. ब्रिटिश पद्धतीत उरलेला दिवा उघडझाप करील, पण निम्म्या प्रवाहात छोटी पट्टी ओढली जात नाही आणि चालकासमोरचा दिवा अंधारात राहतो. नंतर आलेला इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर एका लहान रोधावरील व्होल्टेज पाहून प्रवाह मोजतो आणि एक बल्ब उडाला की मुद्दाम दुप्पट वेगाने टिकटिकतो. तो बिघाड नसून तक्रार असते. हल्ली जुन्या गाडीत एलईडी बल्ब बसवले जातात. ते दोन-तीन वॅटच घेतात, त्यामुळे बल्ब उडाला अशी फ्लॅशरची समजूत होते. बल्ब नवे, फ्लॅशर नवा, तरी घाई चालूच, असे झाले तर कारण इथे शोधावे.

परंतु जुन्या गाडीत सर्वांत जास्त छळतो तो अर्थ. मोटारीत प्रत्येक दिव्याला एकच तार असते. परतीची वाट म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा. मागच्या दिव्याच्या स्क्रूखाली गंज चढला की ही वाट अरुंद होते. २१ वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर १.७५ अँपिअर घेतो, म्हणजे तापलेल्या तंतूचा रोध सुमारे ७ ओहम. गंजाने वाटेत २ ओहम घातले तर प्रवाह १.३३ अँपिअर होतो आणि बल्बला सुमारे १२ वॅट मिळतात. हा हिशेब ढोबळ आहे, कारण कमी तापलेल्या तंतूचा रोधही कमी होतो. पण प्रकाश वॅटपेक्षाही जास्त घटतो आणि लालसर होतो, हे डोळ्यांना दिसतेच. आता हाच २१ वॅटचा बल्ब ६ व्होल्टच्या गाडीत घ्या. त्याचा रोध १.७ ओहम. तेवढ्याच गंजाने त्याला जेमतेम साडेचार वॅट मिळतील! ६ व्होल्टच्या जुन्या गाड्यांचे दिवे मिणमिणते का असत याचे एक कारण इथे सापडते.

वाट अरुंद न होता पूर्ण बंदच झाली तर गंमत होते. इंडिकेटरच्या तंतूतून आलेला प्रवाह बाहेर पडायला जागा शोधतो. त्याच डब्यातल्या ५ वॅटच्या लाल दिव्याच्या तंतूतून तो उलटा शिरतो, त्याच्या तारेने पलीकडच्या लाल दिव्यात जातो आणि तिथला चांगला अर्थ गाठतो. परिणाम असा की इंडिकेटर विझलेला आणि दोन्ही लाल दिवे क्षीण उघडझाप करणारे. अनुभवी वायरमन हे पाहून फ्लॅशरला हातही लावत नाही. टेस्ट लॅम्पचे एक टोक बॅटरीच्या धन टोकाला लावून दुसरे दिव्याच्या पत्र्याला टेकवतो. लॅम्प लागला नाही की पॉलिश पेपरने स्क्रूची जागा घासायला बसतो. ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर लागण्याची तक्रार मात्र अमेरिकी वळणाच्या जुन्या गाडीत वेगळ्या ठिकाणी तपासावी. तिथे मागचा एकच लाल तंतू ब्रेकचे आणि वळणाचे अशी दोन्ही कामे करतो आणि ब्रेकची तार स्टिअरिंगवरच्या खटक्यातून जाते.

आपल्याकडे आता नारिंगी, मिनिटाला ६० ते १२० वेळा उघडझाप करणारा दिवा नियमाने ठरलेला आहे. पण पाच इशाऱ्यांपैकी दिव्यांना किती आले? डावे, उजवे, आणि ब्रेकच्या दिव्याला थांबणे व हळू होणे. ‘पुढे जा’ या इशाऱ्यासाठी दिवाच नाही. गरज मात्र उरली, विशेषतः दुपदरी रस्त्यांवर. हैदराबाद किंवा विजयपूरच्या रस्त्याला ट्रकमागे गाडी चालवणाऱ्यांना ठाऊक आहे की अनेक चालक उजवा इंडिकेटर देऊन ‘ये पुढे’ म्हणतात. काही जण त्यासाठी डावा देतात. म्हणजे एकाच उजव्या दिव्याचे दोन अर्थ: ‘मी उजवीकडे वळतो आहे, पुढे येऊ नकोस’ आणि ‘तू उजवीकडून पुढे ये’. शेतरस्त्याला वळणाऱ्या पिकअपचा दिवा पाहून मागच्याने दुसरा अर्थ घेतला तर काय होईल ते सांगायला नको. आमच्या मते हा दोष चालकांच्या बेशिस्तीइतकाच, हाताकडून दिव्याकडे जाताना गळालेल्या पाचव्या इशाऱ्याचाही आहे.

वर्गात हे दाखवणे सोपे आहे. १२ व्होल्टची बॅटरी, २१ वॅटचे दोन बल्ब होल्डरसह आणि गॅरेजमधून मागून आणलेला जुना फ्लॅशर एवढे पुरे. टॉर्चचे सेल चालणार नाहीत, इतका प्रवाह ते देऊ शकत नाहीत. बॅटरीची दोन टोके थेट जोडली जाणार नाहीत याची काळजी घ्यावी आणि मधे फ्यूज ठेवावा. आधी दोन्ही बल्ब लावून मिनिटातली उघडझाप मोजावी, मग एक काढून. नंतर एका बल्बच्या परतीच्या वाटेत गंजलेला खिळा चिमट्यांनी अडकवावा आणि प्रकाशाचा रंग पाहावा. खिळ्याची दोन्ही टोके पॉलिश पेपरने घासून तोच पुन्हा जोडावा, आणि खिळा तोच असताना काय बदलले ते मुलांना विचारावे.