पत्ता नसलेला वाचक

मुक्तद्वार वाचनालय हा शब्द आपल्याला नवा नाही. पण ते दार खरंच सगळ्यांना उघडं असतं का, हा वाद जुना आहे. इंग्लंडमध्ये १८९० च्या दशकात कित्येक ग्रंथालयांनी वर्तमानपत्रांतल्या घोड्यांच्या शर्यतीच्या बातम्यांवर चक्क काळी शाई फासली. कशासाठी? तर त्या बातम्यांसाठी येऊन बसणारे ‘रिकामटेकडे’ लोक येईनासे व्हावेत म्हणून! ही शाई मला फार बोलकी वाटते.

शंभर वर्षांनी अमेरिकेत हाच प्रश्न कोर्टात गेला. न्यू जर्सीतलं मॉरिसटाउन हे गाव. रिचर्ड क्रायमर नावाचा एक बेघर माणूस तिथल्या ग्रंथालयात येऊन बसायचा. तो लोकांकडे टक लावून बघतो, त्याच्या अंगाला वास येतो, अशा तक्रारी होत्या. १९८९ मध्ये ग्रंथालयाने नियम केले. वाचत नसाल तर उठा, कुणाकडे रोखून पाहू नका, अंगाच्या वासाचा इतरांना त्रास होत असेल तर बाहेर जा. क्रायमर कोर्टात गेला. १९९१ मध्ये न्यायमूर्ती सारोकिन यांनी हे नियम रद्द केले. बेघर माणसं डोळ्यांसमोर नको असतील तर त्यांचं बेघरपण दूर करा, त्यांचं ग्रंथालयाचं कार्ड काढून घेऊ नका, असा त्यांच्या निकालाचा रोख होता. पुढच्याच वर्षी अपील कोर्टाने हा निकाल फिरवला आणि ग्रंथालय जिंकलं.

मग क्रायमर हरला का? पूर्णपणे नाही. माहिती मिळवण्याचा हक्क अमेरिकी घटनेच्या पहिल्या दुरुस्तीत येतो आणि सार्वजनिक ग्रंथालय ही त्यासाठीचीच जागा आहे, हे त्याच अपील कोर्टाने मान्य केलं. नियम करायचे तर ते ग्रंथालयाच्या कामाला धरून असले पाहिजेत. वासाच्या नियमाबद्दल मी मात्र साशंक आहे. ज्याला आंघोळीची जागाच नाही, त्याचा वास ही वागणूक म्हणायची की परिस्थिती?

कोर्ट हे ठरवू शकतं की कुणाला उठवता येईल. उठवल्यावर तो जाणार कुठे, हे ठरवणं त्याचं काम नाही. ते काम २००९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्रंथालयाने अंगावर घेतलं आणि पूर्णवेळ समाजसेविका नेमली. अमेरिकेतल्या ग्रंथालयांत अशी नेमणूक पहिलीच. तिच्या हाताखाली जी माणसं घेतली, ती स्वतः कधीकाळी रस्त्यावर राहिलेली होती. ती ग्रंथालयात फिरतात, कुणी एकटं बसलेलं दिसलं की शेजारी जाऊन बोलतात, आणि निवारा, जेवण, आंघोळ कुठे मिळेल ते सांगतात.