घरगुती विद्युत उपकरणे आणि फ्यूजची योग्य निवड

घरातील फ्यूज वारंवार जाऊ लागला की त्या जागी जाड तार बांधून वेळ निभावण्याची पद्धत आपल्याकडे अनेक घरांत दिसते. ही पद्धत धोक्याची आहे. वितरण फलकावरील फ्यूज मुख्यतः उपकरणाच्या नव्हे, तर भिंतीतून गेलेल्या वायरच्या संरक्षणासाठी असतो. वायर तापून तिचे आवरण पेटण्यापूर्वी फ्यूजची तार वितळावी, हे त्याचे कार्य. जाड तार बांधली की हा क्रम उलटतो.

भारतात घरगुती वीजपुरवठा २३० व्होल्ट दाबाने होतो. उपकरणावर छापलेल्या वॅटच्या आकड्यास २३० ने भागल्यास ते साधारण किती अँपिअर प्रवाह घेते, हे समजते. १००० वॅटची इस्त्री सुमारे ४.३, तर २००० वॅटचा गिझर ८.७ अँपिअर घेतो. १०० वॅटच्या दूरचित्रवाणी संचास अर्धा अँपिअरही लागत नाही. लहान सॉकेट ६ अँपिअरचे, म्हणजे १३८० वॅटपर्यंतचे असते. मोठे १६ अँपिअरचे, म्हणजे ३६८० वॅटपर्यंतचे. गिझरची जाड पिन कन्व्हर्टर लावून लहान सॉकेटमध्ये बसवणे म्हणूनच चुकीचे ठरते. १००० वॅटची इस्त्री आणि १५०० वॅटची किटली ६ अँपिअरच्या एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर लावली, तरी जवळपास ११ अँपिअरचा भार पडतो.

चिनी मातीच्या जुन्या फ्यूजमध्ये (इलेक्ट्रिशियन त्याला 'किटकॅट' म्हणतात) कथिलाचा मुलामा दिलेली तांब्याची तार असते. ५ अँपिअरसाठी ती सुमारे ०.२ मिलिमीटर, १५ अँपिअरसाठी ०.५ मिलिमीटर जाडीची लागते. डोळ्यांना क्षुल्लक वाटणाऱ्या या फरकाने तिप्पट प्रवाहाला वाट मिळते. शिवाय ही तार छापील क्षमतेला लगेच वितळत नाही. त्यासाठी दीडपटीहून अधिक प्रवाह लागतो. अनेक पदरांची साधी वायर पिळून बांधल्यास तर फ्यूज असून नसल्यासारखाच.

फ्रिज किंवा पाण्याचा पंप सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कित्येक पट प्रवाह घेतो. अशा भारासाठी 'सी' प्रकारचा एमसीबी वापरतात. तो क्षमतेच्या ५ ते १० पट प्रवाहाला तत्काळ खंडित होतो. 'बी' प्रकार ३ ते ५ पटीलाच. मात्र विजेच्या धक्क्यापासून बचाव करणे हे फ्यूजचे किंवा एमसीबीचे काम नव्हे. शरीरातून गेलेला अँपिअरच्या शंभराव्या भागांतील प्रवाहही प्राणघातक ठरू शकतो. त्यासाठी ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी स्वतंत्रपणे बसवावा लागतो.

ब्रिटनमधील प्लगमध्ये फ्यूज असतो, भारतीय प्लगमध्ये तो नसतो. त्यामुळे टेबललॅम्पच्या बारीक वायरचे रक्षणही येथे वितरण फलकावरील फ्यूजवरच अवलंबून राहते.

दूरचित्रवाणी संच किंवा स्टॅबिलायझरमधील काचेच्या नळीच्या फ्यूजवर अँपिअरसोबत 'टी' किंवा 'एफ' हे इंग्रजी अक्षर असते. 'टी' विलंबाने, तर 'एफ' त्वरित वितळणारा. बदलताना आकडा, अक्षर आणि व्होल्ट तिन्ही जुळवून घ्यावेत. नवा फ्यूजही लगेच गेल्यास दोष उपकरणात आहे असे समजून ते दुरुस्तीस द्यावे.