शून्याचा भरवसा

सभागृहाच्या दारावर एक राखणदार बसवा. माणूस आत आला की त्याने एक मिळवावा, बाहेर गेला की एक वजा करावा. आकडा शून्यावर आला की आत न डोकावता जागा दुसऱ्याच्या हवाली करावी. युक्ती सोपी खरी. परंतु तिचा सारा भरवसा राखणदाराच्या सावधपणावर आहे.

संगणकाच्या इतिहासात ही युक्ती १९६० साली आली. जॉन मॅकार्थी यांनी त्याच वर्षी सुचविले होते की, यंत्राची स्मृती भरत आली म्हणजे काम थांबवून झाडलोट करावी आणि कोणालाही नको असलेली जागा मोकळी करावी. जॉर्ज कॉलिन्स यांनी वर्षाअखेरीस निराळा मार्ग दाखविला. प्रत्येक वस्तूपाशीच तिच्या वापरकर्त्यांची संख्या ठेवावी. ती शून्य झाली की वस्तूची जागा तत्काळ मोकळी करावी.

१९९१ साली हेलसिंकीत लिनस टोर्व्हाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्स आरंभिले. त्याच्या कर्नलमध्ये, म्हणजे यंत्राचा सारा कारभार पाहणाऱ्या गाभ्यात, ही मोजणीची रीत जागोजाग रुजली. झाडलोटीसाठी सगळे राज्य थांबविणे कारभाऱ्यास कसे परवडावे?

या हिशेबात चूक दोन प्रकारांनी होते. एक अधिक वजा झाला, तर वस्तू वापरात असतानाच तिची जागा दुसऱ्याच्या हाती जाते. ही चूक घातक. वजा करावयाचे राहिले, तर वस्तू उगाच अडून बसते. ही केवळ उधळपट्टी, असे कोणासही वाटेल.

जानेवारी २०१६ मध्ये उघड झालेल्या एका दोषाने हा समज खोटा ठरविला. लिनक्समध्ये गुप्त किल्ल्या ठेवण्यासाठी जुडगे असतात. एखाद्या कार्यक्रमाने आपल्यापाशी असलेलाच जुडगा पुन्हा मागितला, तर आकड्यात एक मिळविला जाई, पण माघारी फिरताना वजा होत नसे. २०१३ च्या ३.८ या आवृत्तीपासून ही चूक तेथे होती. आकड्यासाठी जागा ३२ बिटांची. मोटारीचे मैल मोजणारे यंत्र सगळे नऊ संपल्यावर शून्यावर येते, तसा हा आकडा ४,२९,४९,६७,२९६ वेळा वाढविला की फिरून शून्यावर येई. मग जुडगा वापरात असूनही कर्नल त्याची जागा मोकळी करी. तेथे आपला मजकूर भरून सामान्य वापरकर्ता यंत्राचा धनी होऊ शके. शोधणाऱ्यांना या आवर्तनास सुमारे अर्धा तास लागला. उधळपट्टीच घात झाली!

दोष दुरुस्त झाला. परंतु अशा प्रत्येक जागी मनुष्य चुकणारच नाही, ही हमी कोण देणार? म्हणून २०१७ च्या ४.११ या आवृत्तीत मोजणीचा नवा प्रकार आला. त्यातील आकडा कमाल मर्यादेस पोहोचला की तेथेच गोठतो. पुन्हा शून्यावर येत नाही. ती वस्तू मग यंत्र बंद होईपर्यंत अडून राहते. थोडी स्मृती वाया जाते, पण धनीपण जात नाही. चुकून अधिक वजाबाकी झाली, तर मात्र हा उपाय नेहमीच पुरा पडतो असे नाही.

तरीही या इतिहासाचा बोध मोठा आहे. चूक अजिबात टाळता येत नसेल, तर ती कोणत्या बाजूस झुकावी, हे आधीच ठरविणे आपल्या हाती असते. जो हिशेबनीस शंका येताच खाते बंद करण्याऐवजी उघडे ठेवतो, तो कदाचित चार पैसे गमावील. पण परक्याच्या हाती तिजोरी देणार नाही.