फ्रिजमधला वायू जातो कुठे?



माझ्या लग्नातला, 1994 सालचा फ्रिज परवा भंगारात द्यायचा होता. भंगारवाला नळी कापायला निघाला, आणि मी त्याला थांबवलं. का, ते सांगते.

1920 च्या दशकात घरगुती फ्रिजमध्ये सल्फर डायऑक्साइड, मिथाइल क्लोराइड असे विषारी वायू असत. गळती झाली की माणसं दगावत. म्हणून अमेरिकेत थॉमस मिजली आणि सहकाऱ्यांनी फ्रेऑन शोधला. 1930 मध्ये मिजलींनी भर सभेत तो श्वासात घेतला आणि फुंकरीने मेणबत्ती विझवली. ना विष, ना आग! घरं सुरक्षित झाली.

पण न जळणारा, लवकर न विरणारा हा वायू वर वर जात राहिला. तो ओझोनचा थर झिजवतो, हे 1974 मध्ये मोलिना आणि रोलँड यांनी दाखवलं. 1987 मध्ये मॉन्ट्रियल करार झाला. 1992 मध्ये भारतही त्यात आला.

मिजलींचा हेतू वाईट नव्हता. वायू घरात काय करतो ते त्यांनी पाहिलं. घराबाहेर गेल्यावर काय करेल, हे तेव्हा कुणी विचारलं नाही.

आपण पाणी गाळतो, तेवढ्यावर थांबत नाही. गाळण्यातले जीव पुन्हा त्याच विहिरीत अलगद सोडायचे, हे सासूबाईंनी मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं.

मेकॅनिकला बोलावून वायू सिलिंडरमध्ये काढून घेतला. मगच फ्रिज दिला.