औषध-आयात, वैयक्तिक उपयोगासाठी

देशात विक्रीची मंजुरी नसलेले औषध एखाद्या रुग्णाच्या उपचारापुरते, डॉक्टरांच्या चिठ्ठीच्या आधारे परदेशातून आणणे. भारतात या व्यवहाराला औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० आणि त्याखालील १९४५ चे नियम लागू होतात. विनापरवाना औषध-आयातीवर या कायद्याच्या कलम १० ने बंदी आहे; पण त्याच कलमाच्या परंतुकाने वैयक्तिक उपयोगाच्या अल्प साठ्याला सूट दिली आहे. सूट कोणत्या अटींवर मिळते, हे नियम ३६ सांगतो.

एखाद्या औषधाला मंजुरी नाही म्हणजे ते घातकच आहे, असे नाही. रुग्ण थोडे असले की उत्पादक कंपनी भारतात अर्जच करत नाही. कधी अर्ज विचाराधीन असतो. कधी मात्र सुरक्षिततेच्या शंकेमुळे मंजुरी नाकारलेली असते. या तिन्हींपैकी नेमके काय घडले आहे, हे चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरांनी आधी तपासावे लागते.

आयातीच्या वाटा : पहिली वाट प्रवाशाच्या सामानातून. औषध त्याच्या स्वतःच्या वापराचे असावे, कस्टम्सने विचारल्यास ते जाहीर करावे आणि कोणत्याही एका औषधाचा साठा १०० सरासरी मात्रांपेक्षा जास्त नसावा, अशा अटी आहेत. अपवादात्मक परिस्थितीत जास्त साठ्यालाही परवानगी मिळू शकते.

दुसरी वाट पार्सलची. औषध सामानासोबत येणार नसेल, तर केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेकडे ‘नमुना १२-अ’ मध्ये अर्ज करावा लागतो. हा अर्ज अगदी आटोपशीर आहे : अर्जदाराचे नाव, पत्ता, व्यवसाय, औषध कोठून येणार, औषधाचे नाव आणि प्रमाण. सोबत नोंदणीकृत डॉक्टरांची चिठ्ठी जोडायची. मागितलेले प्रमाण चिठ्ठीशी जुळते का आणि ते वाजवी आहे का, हे परवाना अधिकारी पाहतो व ‘नमुना १२-ब’ मध्ये परवानगी देतो. चिठ्ठीवर तीन महिन्यांचा डोस आणि अर्जात सहा महिन्यांचा, अशी तफावत राहिली तर अडचण तिथेच सुरू होते.

तिसरी वाट रुग्णालयाची. नवीन औषधे व चिकित्सालयीन चाचण्या नियम, २०१९ नुसार सरकारी रुग्णालय किंवा सरकारी वैद्यकीय संस्था ‘सीटी-२४’ नमुन्यात अर्ज करून मंजुरी नसलेले औषध आपल्या रुग्णांसाठी मागवू शकते. परवाना ‘सीटी-२५’ मध्ये मिळतो. मादक व मनोव्यापारांवर परिणाम करणाऱ्या द्रव्यांना मात्र १९८५ चा स्वतंत्र कायदा लागू असल्याने, एरवीची सूट त्यांच्याबाबत गृहीत धरता येत नाही.

कर : आयातीची परवानगी आणि करमाफी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली औषध-नियंत्रकाकडून मिळते, दुसरी अर्थखात्याच्या अधिसूचनेवर अवलंबून असते. २०२१ च्या सुरुवातीला मुंबईतल्या एका बाळासाठी झोलजेन्स्मा हे जनुकोपचाराचे औषध अमेरिकेतून आणताना हा फरक सर्वांच्या लक्षात आला. स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी या स्नायू दुर्बळ करत जाणाऱ्या जनुकीय आजारावरच्या या औषधाची किंमत सुमारे १६ कोटी रुपये होती आणि आईवडिलांनी ती लोकवर्गणीतून उभी केली. त्यावर सुमारे ६ कोटींचा कर लागणार होता. तो केंद्र सरकारने माफ केला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जीएसटी परिषदेने वैयक्तिक उपयोगासाठी येणाऱ्या झोलजेन्स्माला आयातीवरील एकात्मिक जीएसटीतून वगळले. १ एप्रिल २०२३ पासून राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरण, २०२१ मधील आजारांवरच्या अशा औषधांना मूळ सीमाशुल्कही माफ आहे. त्यासाठी केंद्र वा राज्याच्या आरोग्य सेवा संचालकांचे, किंवा जिल्हा शल्यचिकित्सकांचे प्रमाणपत्र लागते. याच धोरणाखाली मुंबईचे केईएम रुग्णालय हे एक उत्कृष्टता केंद्र असून, अशा केंद्रांमार्फत रुग्णाला ५० लाख रुपयांपर्यंत मदतीची तरतूद आहे.

वाहतूक व साठवण : झोलजेन्स्माचा संच बाळाच्या वजनानुसार ५.५ व ८.३ मिलिलिटरच्या कुप्या जुळवून तयार होतो. तो गोठलेल्या अवस्थेत निघतो, पोहोचताच २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवावा लागतो आणि हाती आल्यापासून १४ दिवसांत वापरावा लागतो. म्हणून करमाफीचे आदेश, परवानगी आणि रुग्णालयाची तयारी हे सगळे औषध विमानात चढण्यापूर्वीच हातात असावे लागते.

मर्यादा : ‘१२-ब’ हे गुणवत्तेचे प्रमाणपत्र नाही. औषध खरे आहे, वाटेत तापमान सांभाळले गेले आहे किंवा ते या रुग्णाला लागू पडेल, यातल्या कशाचीही हमी त्यात नसते. आणलेले औषध उरले तरी ते विकता येत नाही. अल्पविकसित देशांना पेटंटबाबत मिळालेल्या सवलतीमुळे बांगलादेशात कर्करोगावरच्या अनेक पेटंटधारी औषधांच्या स्वस्त प्रती बनतात. त्या परवानगीविना आणून इथे विकणे ही वैयक्तिक आयात नव्हे, तो गुन्हा ठरतो.

इतर देश : एड्सच्या साथीत परदेशी औषधांसाठी रुग्णांनी ‘बायर्स क्लब’ काढले होते. त्या काळात, १९८८ मध्ये, अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने गंभीर आजारासाठी साधारण तीन महिन्यांपुरते औषध आणण्याकडे सौम्यपणे पाहण्याचे धोरण घेतले. तो हक्क नव्हे, अधिकाऱ्यांची मुभा आहे. भारत या व्यवहाराच्या दुसऱ्या टोकालाही आहे : हिपॅटायटिस-सी वरील सोफोसबुव्हिरच्या १२ आठवड्यांच्या उपचाराला अमेरिकेत ८४,००० डॉलर पडत, तेव्हा २०१५ पासून भारतीय जेनेरिक गोळ्या परदेशी रुग्णांनी याच वाटेने आपल्या घरी नेल्या.

औषधाला देशात मंजुरी मिळाली की ही वाट चोखाळण्याचे मुख्य कारण उरत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये औषध महानियंत्रकांनी दुर्मीळ आजारांवरील औषधे व जनुकोपचार यांसह पाच प्रकारांना, ती अमेरिका, ब्रिटन, जपान, ऑस्ट्रेलिया, कॅनडा किंवा युरोपीय संघात मंजूर असतील तर, भारतातील चाचणीतून सूट देण्याचा मार्ग खुला केला. मात्र त्यासाठीही अर्ज आधी कंपनीनेच करावा लागतो. तोवर रुग्णाच्या हाती ‘१२-अ’ चा कागदच राहतो.