बेसल सेल कर्करोग, उथळ : उपचार

त्वचेच्या बाह्यस्तराच्या तळातील पेशींतून उद्भवणाऱ्या कर्करोगाचा वरवर पसरणारा प्रकार. बहुधा धडावर पातळ, खवलेदार लालसर चट्टा दिसतो. सावळ्या त्वचेवर तो अनेकदा काळपट असतो. त्यामुळे तीळ किंवा गजकर्ण समजून महिनोन्महिने भलतीच मलमे चोळली जातात. त्वचेचा तुकडा तपासल्याशिवाय उपचार सुरू करू नयेत.

शस्त्रक्रियेत चट्ट्याभोवतीची सुमारे ४ मिमी. निरोगी त्वचाही काढतात आणि कडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. सर्वांत खात्रीचा मार्ग हाच. खरवडून जाळणे किंवा द्रव नायट्रोजनने गोठवणे यांत ही तपासणी होत नाही.

रोग उथळ असल्याने मलमही चालते. इमिक्विमॉड आठवड्यातून ५ दिवस, ६ आठवडे लावतात. त्वचा लाल होते, सोलवटते, खपल्या धरते. हा औषधाचा अपेक्षित परिणाम असून घाबरून मलम परस्पर सोडू नये. नेदरलँड्समधील चाचणीत ५ वर्षांनंतर इमिक्विमॉडने सुमारे ८०%, फ्लुओरोयुरासिल या दुसऱ्या मलमाने ७०%, तर प्रकाश-उपचाराने (औषध लावून त्यावर प्रकाश टाकणे) ६३% रुग्ण रोगमुक्त राहिले.

धार व देवासच्या रुग्णांना इंदूरचे महाराजा यशवंतराव चिकित्सालय हे जवळचे मोठे सरकारी रुग्णालय. मलमानंतर वारंवार तपासणी लागते. खेड्यातून तेवढ्या खेपा जमणार नसतील, तर एकदाच चट्टा काढून घेणे अधिक सोयीचे.