उलंगवाडीनंतरचा उपवास

वऱ्हाडातल्या दुष्काळांचा इतिहास माणसांच्या आणि गुरांच्या उपासमारीने लिहिला जातो. अळीच्या उपासमारीकडे मी वळलो तो २०१७ च्या हंगामानंतर. गुलाबी बोंडअळीने त्या वर्षी अमरावती-अकोल्याची पऱ्हाटी पोखरली आणि ‘ही नवी कीड आली कुठून?’ असे जो तो विचारू लागला.

कीड नवी नव्हतीच. १८४२ साली भडोचच्या कपाशीवर तिची नोंद झाली आहे. मग इतकी वर्षे ती आटोक्यात कशी राहिली? माझ्या मते उत्तराचा मोठा भाग ‘उलंगवाडी’ या आपल्या शब्दात आहे. शेवटची वेचणी झाली की शेत गुरांना, शेळ्या-मेंढ्यांना मोकळे व्हायचे. पाला आणि किडकी बोंडे त्यांच्या पोटात जात, पऱ्हाटी उपटून चुलीत. कोरडवाहू देशी कपाशी ओल सरली की तशीही थांबे. उन्हाळाभर अळीला खायला उरत नसे.

या अळीचे पोट मुख्यतः कपाशीवर. सरकीवर पोसलेली मादी शंभर-दोनशे अंडी घालते. अन्न मिळत राहिले तर महिना-सव्वा महिन्यात पुढची पिढी उभी. दिवस लहान झाले, बोंडे जून झाली की अळी दोन सरक्या जोडून त्यांत झोपते. पावसाबरोबर पतंग निघतात. तेव्हा शेतात पात्या-फुले नसतील तर पुढची पिढी उपाशी मरते.

हा उपवास आपणच मोडला. १९७० साली सुरतेला एच-४ निघाला आणि पुढे लांब मुदतीची संकरित वाणे आली. विहिरीवर पंप बसले, डिसेंबरनंतर पाणी देऊन फरदड घेणे सुरू झाले. २००२ पासूनच्या बीटी बियाण्याने अळीची धास्तीही घालवली. २०१० च्या सुमारास गुजरातेत अळी पहिल्या बीटीला दाद देईना, तरी इकडे फरदड चालूच होती. मार्चपर्यंत ताजी बोंडे, काही ठिकाणी मे महिन्यातच नवी लावण. विषाला सरावलेल्या अळीचे ताट रिकामे झालेच नाही.

जुने सगळे चांगले होते असेही नाही. सरपणासाठी रचलेल्या पऱ्हाटीच्या ढिगात अळी सुखाने झोपे. आणि फरदडवाल्यांना नावे ठेवताना माझीही जीभ अडखळते. चार वर्षे मीही घेतली. मुलीच्या कॉलेजची फी त्यातूनच भरली.

आता डिसेंबरअखेर पीक संपवा, असे सगळेच सांगतात. पण गावात मेंढ्या उरल्या नाहीत, चुलीच्या जागी गॅस आला. मागच्या जानेवारीत पऱ्हाटी उपटायला मी मजूर लावले. शेजाऱ्याने मात्र त्याच आठवड्यात कपाशीला पाणी सोडले.